जहाजातला राजा

नॉर्मनला पुरून आल्यावर मॉरीनवहिनीने डेरेकसमोर नवऱ्याचं नाण्यांचं कपाट उघडलं. दोघा भावांनी जुन्या राजांची सोन्याची नाणी लहानपणापासून मिळून जमवली होती. मग लंडनच्या लिलावात तिसऱ्या एडवर्डचं नाणं आलं, जहाजात उभ्या राजाचं. डेरेकला त्याचाच ध्यास होता. त्याची ऐपत संपली, हात खाली आला, आणि मागच्या रांगेतून नॉर्मनने बोली लावून ते घेतलं. "चारचौघांत नाक कापलंस माझं," डेरेक म्हणाला. नंतर अकरा वर्षं भावाशी बोलला नाही. आता त्याने ते नाणं उचललं. खालच्या चिठ्ठीवर नॉर्मनचं अक्षर होतं: 'डेरेकला, साठीनिमित्त.' "मग दिलं का नाही?" "तुझ्या साठीला आम्ही द्यायलाच आलो होतो," वहिनी म्हणाली. "मी गाडीत होते, तुझ्या खिडकीचा पडदा हललेला पाहिला. तो बेल वाजवून तासभर पायरीवर बसला. परत येऊन म्हणाला, 'डेरेक बाहेर गेलेला दिसतोय.'"