चंद्रीची मापं

“फीत ढिली धरू नका, आणि रंग नेहमी मालकालाच विचारा.” पशुवैद्यकीय कॉलेजातल्या सरांचं हे सांगणं आठवत, जातीच्या नोंदणीसाठी आलेली स्वराली हडपसरच्या पलीकडे गोदाबाईंच्या दारात भीमथडी जातीच्या घोडीची मापं घेत होती. म्हातारी चंद्री मान खाली घालून शहाण्यासारखी उभी होती.

“रंग तांबडा लिहू ना, आजी?”

“तांबडा कसला? आयाळ काळी हाय न्हवं? कुमैत लिव्हा. कालिजात ह्येच शिकिवत्यात व्हय?”

स्वराली हसली. तिने खांद्यापाशी उंची घेतली, मग पाठीची लांबी. गोदाबाईंनी फितीशेजारी सुतळी ताणून दोन्ही मापांच्या गाठी मारून घेतल्या. आजवर एकाही मालकाने मापांत एवढा रस घेतला नव्हता. स्वरालीला भारी कौतुक वाटलं.

“नवी झूल शिवताय वाटतं चंद्रीला?”

गोदाबाई घोडीच्या मानेवरून हात फिरवत राहिल्या.



“डाक्टर म्हनलं, हिचं लई तर दोन दिस. आमचं मालक वारलं तवा त्यास्नी शब्द दिलाय पोरी, मेल्यावर हिला कुनाच्या गाडीत घालू द्यायची न्हाई,” एवढं हळूच बोलून त्या गाठींची सुतळी आणि कुदळ घेऊन चिंचेखाली खड्डा खणायला निघाल्या.