पातळ की जाड

"पातळ की जाड, तेवढं सांगून जा ताई. एक जोडी मला परत पाठवायचीय," असं म्हणून मिस्त्रीनं लोखंडी चकत्यांच्या दोन जोड्या टेबलावर मांडल्या.

पिकअपच्या पुढच्या स्प्रिंगवर त्या बसवल्या की गाडीचं नाक वर येतं. पातळ जोडीनं तीन सेंटिमीटर, जाड जोडीनं पाच. मिस्त्रीच्या भाषेत लेव्हलिंग किट.

तिला खरं तर आज गाडी इथं गॅरेजात सोडायची होती. पण सकाळीच मत्स्यबीजवाल्याचा फोन आला, माशांची पिल्लं मोजून तयार आहेत, ऊन चढायच्या आत उचला. धंद्याची पहिलीच खेप, नाही कशी म्हणणार? आता दारात गाडी उभी होती, मागं जवळजवळ काठापर्यंत भरलेली टाकी, टाकीत बोटाएवढी तीन हजार पिल्लं आणि बुडबुडे सोडणारी नळी. पिल्लं घेणारा तळेवाला तिकडं वाट बघत होता. ती फक्त निरोप द्यायला उतरली होती.

"जाडच घ्या वहिनी," दीर म्हणाला. तो नळीकडे लक्ष ठेवायला बरोबर आला होता आणि लक्ष सोडून बाकी सगळं करत होता. "अहो, तुमची गाडी कुणाचं तरी पडलेलं पाकीट शोधत चालते."

मिस्त्री हसला. तीही हसली, पण वरवर. पंधरा दिवस हेच चाललं होतं. घरातले सगळे नको म्हणत असताना तिनं हीच गाडी पसंत केली होती आणि दारात आणून लावली तेव्हा पहिल्यांदा सासऱ्यांनीच विचारलं होतं, हिचं तोंड का पडलंय? तेव्हापासून जो तो येता जाता वाकून बघायचा. काल इथं रिकाम्या गाडीला टेप लावला तेव्हा तर पुरावाच मिळाला. चाकाच्या मधोमधपासून वरच्या पत्र्यापर्यंत पुढं त्रेपन्न, मागं अठ्ठावन्न. पाच सेंटिमीटरनं तिची निवड चुकली होती.

"जाडच द्या मग," ती म्हणाली. एकदाची बसली की निदान तोंडं तरी बंद होतील.

"थांबा, लिहून ठेवतो. कालचा कागद कुठं गेला कोण जाणे." मिस्त्री टेप घेऊन बाहेर आला, पुढच्या चाकापाशी उकिडवा बसला. "पुढं त्रेपन्नला काडीभर कमी." मग मागच्या चाकाशी गेला. टेप लावला, काढला, पुन्हा लावला. चष्मा कपाळावरून नाकावर आणला.

"काय झालं?"

"भाऊ, जरा हे टोक धरा हो. नीट, मधोमध धरा."

दिरानं टोक धरलं.

"त्रेपन्न," मिस्त्री म्हणाला.

"ते पुढचं झालं," ती म्हणाली.

"हे मागचं आहे, ताई."

मिस्त्री चार पावलं मागं गेला, आणखी चार गेला, थेट रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभा राहिला. तीही त्याच्यामागोमाग गेली. आपलीच गाडी, पण अशी तिनं ती कधी बघितलीच नव्हती. बॉनेटपासून मागच्या फळीपर्यंत सरळ, जमिनीला धरून. मान खाली नाही की वर नाही. पंधरा दिवस ती रिकामीच फिरवली होती ना! आज टाकीच्या ओझ्यानं मागची बाजू नेमकी पाच सेंटिमीटर खाली बसली होती.

ती पळत परत आली, टायरवर पाय देऊन वर चढली आणि टाकीत डोकावली. पाणी चारी बाजूंनी काठापासून सारखंच खाली होतं. वरून एवढं ऊन पडलेलं, तळाशी तीन हजार पिल्लं निवांत. जाड चकती बसवून आली असती तर गाडी आज आभाळाकडे बघत निघाली असती आणि वाटेतल्या पहिल्याच चढाला पाणी पिल्लांसकट मागच्या फळीवरून सांडलं असतं.

"वहिनी," दीर खालून म्हणाला. टेपचं टोक अजून त्याच्या हातातच होतं आणि थट्टेचा सूर कुठल्या कुठं गेला होता. "पण ज्यांनी ही बनवली त्यांना कसं कळलं असेल, तुम्ही काय भरणार ते?"

"काय भरणार ते नसेल कळलं," मिस्त्री म्हणाला. "पण भरणार, एवढं ठाऊक होतं त्यांना."

कुठल्या तरी टेबलाशी बसलेल्या, तिचं नावगावही ठाऊक नसलेल्या कुणीतरी तिच्या ओझ्यासाठी ती पाच सेंटिमीटर जागा आधीच राखून ठेवली होती. आणि ती जागा बघून सगळं घर तिला हसत होतं. रागवायचं तर कुणावर? तिला राग आलाच नाही. डोळे मात्र भरून आले.

"निघते मी, मिस्त्री. पिल्लं खोळंबलीत."

"दोनच मिनिटं, ताई." त्यानं आत तोंड करून हाक मारली. "ए, हातातलं ठेवा रे सगळं आणि बाहेर या!"

तेलकट हात पुसत तीन कारागीर बाहेर आले. मिस्त्रीनं त्यांना रस्त्यापलीकडे नेऊन उभं केलं. एका साध्यासुध्या पांढऱ्या पिकअपकडे ते चौघे बघत राहिले.

"काय बिघडलंय हिचं?" एकानं विचारलं.

"काही नाही," मिस्त्री म्हणाला. "वीस वर्षं या दारातून आत घ्यायच्या आधी मी प्रत्येक गाडी रिकामी करायला लावली आणि मगच टेप लावला."