काचेवरची सुलट बाई

मोठ्या कॅमेऱ्याच्या मागच्या काचेवर सगळं उलटं दिसतं. चाळीस वर्षांत फोटोग्राफरच्या ते इतकं अंगवळणी पडलं होतं, की कशाचं काही वाटत नसे.

त्या दुपारी स्टुडिओत त्याची धाकटी बहीण आणि मेहुणे फोटोसाठी बसले होते. त्याने काळं कापड डोक्यावर घेतलं. काचेवर दोघंही खाली डोकं वर पाय. त्यांच्यामागे एक बाई मात्र सुलट उभी होती. केस तेवढे ताठ वर गेलेले.

त्याने झटकन कापड काढलं. खोलीत दोघंच होती.

"दादा, असा पांढराफटक का पडलास?"

"काही नाही. हलू नका."

तो पुन्हा कापडाखाली शिरला. बाई आता बरीच पुढे आली होती. तेव्हा कुठे त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. काचेवर जी सुलट, ती खोलीत उलटी. पाय छताला, केस खाली लोंबणारे.

त्याने डोळे गच्च मिटले, मग उघडले. काचेवर दोघंच. त्याचा जीव भांड्यात पडला.

काचेवरच्या बहिणीची नजर मात्र कॅमेऱ्याच्या वर खिळली होती.

"दादा," ती कशीबशी म्हणाली, "कापडातून बाहेर येऊ नकोस."

कापड वरून हळूहळू उचललं जात होतं.