दाराचा दगड

काटा खडूच्या रेघेपुढे जाऊन थांबला आणि आत्याने कपाळावर हात मारला. "भिंगरे, अजून जडच!"

भिंगरी खो खो हसत सुटली. सकाळपासून तिला कशाचंही हसू येत होतं. उद्या विमान. नवा देश, नवं विद्यापीठ, नवी प्रयोगशाळा! तिचे पाय जमिनीला लागत नव्हते. बॅग तोलायला घरात काही नव्हतं, म्हणून सगळी वरात खाली बाबांच्या दुकानात आली होती. तिथे खिळे, तारा, साखळ्या वजनावर विकायचे, त्यामुळे जमिनीवर भलामोठा वजनकाटा होता. विमानात जेवढं वजन चालतं, तिथे बाबांनी तबकडीवर खडूची रेघ ओढली होती.

बाबांच्या काट्यावर लोकांचा डोळे मिटून विश्वास. माल तोलताना ते हात पाठीशी बांधून लांब उभे राहत. "काय हो, काटा चावतो का?" अशी गिऱ्हाइकं थट्टा करत. करेनात का. काट्याजवळ कुणी हात नेलेला बाबांना खपत नसे.

"तवा काढा," भिंगरीने हुकूम सोडला.

"तवा राहू दे," आई म्हणाली.

"आई, तिकडे तवे मिळतात!"

"मिळत असतील. पण हा ओळखीचा आहे."

तवा निघाला. मग बूट निघाले. मग आत्याने विणलेली शाल निघाली, तेव्हा आत्या घटकाभर रुसली. बॅग चाकांवर डुगडुगत होती. बाबा दांडा धरून तिला सावरत होते आणि दर वेळी वाकून तबकडी वाचत होते. "अजून पुढेच आहे," ते म्हणत. भिंगरी पुन्हा हसे.

खरी मेख तळाशी होती. दगडांची पेटी. वर्षभर डोंगर पालथे घालून भिंगरीने ते दगड जमवले होते. त्यांचे फोटो बघूनच तिकडच्या विद्यापीठातल्या बाईंनी तिला शिकायला बोलावलं होतं. तिचा सगळा अभ्यास त्या पेटीवर उभा राहणार होता.

"तिकडे दगड नसतात का गं?" आत्याने विचारलं.

"हे नसतात!"

दगडांचं हे वेड तिला याच दुकानात लागलं होतं. दार वाऱ्याने आपटू नये म्हणून बाबांनी दाराशी एक काळा, चमचमणारा दगड लावलेला. लहानपणी भिंगरी त्यावरच बसून असायची. गेल्या आठवड्यात तिने लाडाने विचारलं होतं, "हा पण नेऊ?" बाबांनी उडवून लावलं. "मग दार कोण धरणार?"

"दगड काढ," बाबा आता हळूच म्हणाले.

भिंगरीचं हसू मावळलं. तिने दोन्ही हातांनी ती पेटी जेमतेम बाहेर ओढली. काटा जरासा थरथरला आणि पुन्हा रेघेपुढे जाऊन उभा राहिला.

हे कसं शक्य आहे? तिने अर्धीमुर्धी रिकामी बॅग पाहिली. मग दांडा पाहिला. दांड्यावर बाबांची बोटं पांढरी पडली होती. सगळा भार टाकून ते बॅग खाली दाबत होते.

"बाबा, तुमचा हात."

बाबांनी हाताकडे असं पाहिलं, जणू तो दुसऱ्याच कुणाचा आहे. मग चटका बसल्यासारखा मागे घेतला. काटा सर्रकन उतरला, रेघेच्या कितीतरी अलीकडे.

"पडेल म्हणून धरली होती," ते पुटपुटले. कान लाल झाले होते. ॲडमिशन मिळाल्यापासून ते सगळ्यांना सांगत होते, पोरगी जाणार, बिनधास्त जाणार. अगदी मनापासून सांगत होते. हाताला मात्र कुणी सांगितलं नव्हतं.

आधी आत्या फिस्सकन हसली. मग आई. मग भिंगरी पोट धरून काट्यावरच बसली. बाबाही हसले, डोळे पुसेपर्यंत हसले, आणि डोळे पुसायला त्यांना जरा जास्तच वेळ लागला.

पेटी आत गेली. बूट गेले, शाल गेली, ओळखीचा तवाही गेला. बाबा हात पाठीशी बांधून लांब उभे होते. काटा रेघेच्या जरा अलीकडे थांबला.

"थोडी जागा उरली की," भिंगरी म्हणाली.

बाबा दाराशी गेले. वाकले. काळा दगड उचलून त्यांनी बाहीने पुसला, आत्याच्या शालीत गुंडाळला आणि स्वतः बॅगेत ठेवला. काटा बरोबर रेघेवर आला. मागे वाऱ्याने दार धाडकन आपटलं.

"अहो, आता दार कोण धरणार?" आई म्हणाली.

"मी धरेन," बाबा म्हणाले. "माझा हात आता मोकळाच आहे."