हादग्याचा पाला

"आकडा पुन्हा खालीच," डॉक्टर रम्या रिपोर्ट पाहत तमिळमध्ये म्हणाल्या. "रक्त हवं तेवढं पातळ नाही. इतक्या लांबच्या विमानात मी यांना बसू देणार नाही."

टेबलावरच्या फोनमधून विश्वेशचा सुस्कारा ऐकू आला. टोरंटोत सकाळ होती. आईचं, सुंदरीचं, तिकीट त्याला पुन्हा पुढे ढकलावं लागणार होतं. सुंदरीच्या हृदयातली झडप त्यानेच तिथे बदलून घेतली होती. रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या आता जन्माच्या सोबती. तिथून आणलेल्या संपत आल्या, तेव्हा तिकडे बसून त्याने कुंभकोणममधल्या या डॉक्टर शोधून काढल्या. मुलगा गुणाचा होता, आणि तीच अडचण होती.

अशा मुलाला 'मला परत यायचं नाही' हे कोणत्या तोंडाने सांगायचं? त्याच्या घरी कशाला कमी नव्हतं. फक्त दिवसभर बोलायला कोणी नसायचं. पुण्याची माणसं ऐकून हसतात ते आपलं घरातलं तंजावरी मराठी कानावर पडावं म्हणून ती इतकी आसुसायची, की स्वयंपाक करताना कढईशीच बोलायची. इथे थोरला भाऊ होता, हनुमंतराव. बायको गेल्यापासून तेही मुके झाले होते. बहीण आली आणि दोघांची तोंडं पहाटेच्या कॉफीपासून सुरू झाली. 'राहा' असं मात्र ते एकदाही म्हणाले नाहीत. लेकाच्या घरी जाणाऱ्या बाईला कसं म्हणायचं?

"पालेभाजी खाता का, अम्मा?" डॉक्टरांनी विचारलं.

"नाही," सुंदरी म्हणाली.

शेजारी बसलेल्या हनुमंतरावांनी चमकून पाहिलं. परसातल्या हादग्याचा पाला ते स्वतःच्या हाताने तोडून देत होते. एरवी द्वादशीला उपास सोडताना खायची ही भाजी. बहीण मागायची रोज, आणि वाटी भरून खायची. औषध चालू असताना हादगा खाऊ नये, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. त्यांनीही सांगितलं होतं. 'तिकडचे डॉक्टर खा म्हणाले,' असं तिने ठोकून दिलं होतं.

"खाल्ली तर काय होतं?" त्यांनी विचारलं.

"गोळीचा जोर कमी पडतो. झडपेवर गुठळी धरते. ती मेंदूत गेली, तर माणूस हाती लागत नाही."

हनुमंतराव गप्प बसले तर बहीण राहणार होती. बोलले तर जाणार होती.

"सुंदरी, लटिकं बोलू नको," ते घरच्या भाषेत म्हणाले. मग डॉक्टरांकडे वळले. "रोज हादगा खाते. मीच तोडून देतो."

"आई, का असं केलंस?" फोनमधून विश्वेशने विचारलं.

सुंदरीला लाज वाटत होती, आणि भावाचा रागही येत होता. डॉक्टरांनीच बोलणं पुढे नेलं.

"पाला म्हणजे विष नव्हे. कधी खाल्ला, कधी सोडला की घोटाळा होतो. रोज तेवढाच खाल्ला, तर त्या बेताने गोळी वाढवता येते. पण यांना जायचंय. तेव्हा आजपासून बंद."

"हो, बंदच करा," विश्वेश म्हणाला. "टोरंटोत तो मिळणारही नाही."

सुंदरीने भावाकडे पाहिलं. हनुमंतराव मान खाली घालून धोतराच्या सोग्याने डोळे पुसत होते. बहीण गेलीच, असं धरून चालले होते ते. तिने फोन जवळ ओढला.

"तू मज फार जपलंस, राजा," ती म्हणाली. "रागावू नको."

मग तिने डॉक्टरांकडे पाहिलं.

"गोळी इथल्या जेवणाच्या बेतानं लिहा."