दोन्ही बाजूंनी ऐकणारा मायक्रोफोन

"तिला सांग, तिचं थोबाड बघत मी गाणार नाही," असं झोर्नित्साला बजावून वेलिका भिंतीकडे तोंड करून बसली.

"तिला सांग, मलाही हौस नाही," स्तोयना खिडकीतून बाहेर बघत म्हणाली.

दोघी सख्ख्या बहिणी, सत्तरी ओलांडलेल्या. नऊ वर्षांपूर्वी एका लग्नात स्तोयनानं थोरलीसाठी न थांबता गाणं उचललं, तेव्हापासून अबोला. घरं समोरासमोर, पण निरोप शेजारणीमार्फत. झोर्नित्सा राजधानी सोफियाहून या डोंगरगावात आली होती, ती त्यांच्या आईचं कापणीचं गाणं ध्वनिमुद्रित करायला. वरचा सूर वेलिकाचा, खालचा स्तोयनाचा. तिसऱ्या कुणाला ते गाणं येत नव्हतं.

आधी झोर्नित्सानं एकेकीला गायला लावलं. वेलिका पहिल्याच ओळीच्या शेवटी अडली. तिथं खालचा सूर धरायला कुणी नव्हतं.

"घसा बसलाय," ती गुरगुरली.

झोर्नित्सानं कंडेन्सर मायक्रोफोनचा मागचा खटका फिरवला. "मावश्यांनो, आता हा पुढूनही ऐकतो आणि मागूनही. कडेनं ठार बहिरा. दोघींना समोरासमोरच उभं राहावं लागेल."

"यंत्रसुद्धा तिलाच फितूर," वेलिका पुटपुटली. पण उठली.

झोर्नित्सानं भिंतीवरचं घड्याळ थांबवलं, फ्रिज बंद केला, कोंबड्याला तळघरात कोंडलं. या मायक्रोफोनला मुंगीची चालही ऐकू जायची. मग दोघींनी आवाज लावून पाहिला आणि ध्वनिमुद्रकावरचा आवाज मोजणारा काटा थेट लाल रेघेपार उडाला. या टेकडीवरून त्या टेकडीवर फेकायचे आवाज ते.

"थोडं मागे व्हा."

दोघी इतक्या आनंदानं मागे सरल्या की पाठी भिंतींना टेकल्या.

"अहो, गाणं घ्यायचंय, काडीमोड नाही!"

शेवटी दोघी मायक्रोफोनपासून दीड-दीड हातावर उभ्या राहिल्या आणि गायल्या. दोन सूर एकमेकांना इतके खेटून चालले की मधली हवा घंटेसारखी घुमू लागली. झोर्नित्साच्या अंगावर काटा आला. गाणं संपलं तरी तिला हलवेना.

"झालं," ती कशीबशी म्हणाली. "अगदी हवं तसं."

"कसलं झालं?" वेलिकानं मायक्रोफोनच्या वरून पलीकडे पाहिलं. "स्तोयना, मधेच तुझा श्वास ऐकू आला."

निरोप पोचवायला झोर्नित्सानं तोंड उघडलं आणि तसंच मिटलं.

"आणि तुझा गुडघा वाजला, ताई," स्तोयना म्हणाली. "परत घेऊ."

परत घेतलं. या खेपेला म्हणे माशी घोंगावली. पुढच्या खेपेला एक शब्द घसरला. मग चीज भरलेली खमंग बानित्सा खाल्ल्यानं घसा तुपकट झाला, त्यावर घरच्या फळांच्या दारूची, राकियाची, थोडी चव झाली, मग राकियानं सूर चढला. प्रत्येक चुकीवर दोघी तावातावानं भांडल्या. थेट एकमेकींशी.

सातव्या खेपेनंतर झोर्नित्सानं सगळं पुन्हा कान देऊन ऐकलं. श्वास नाही, गुडघा नाही, माशी तर नाहीच. पहिल्याच वेळी गाणं बिनचूक उतरलं होतं.

"काय गं, आणखी एकदा?" वेलिकानं विचारलं. स्तोयना आधीच जागेवर उभी होती.

झोर्नित्सानं मायक्रोफोनची वीज हळूच बंद केली, हेडफोन कानांवर चढवला आणि गंभीर चेहऱ्यानं म्हणाली, "हो मावशी, घ्यावंच लागेल."