बिनउजेडाची ऊब

तेजश्रीनं काचेच्या पेटीत एक सरडा पाळला होता. पेटीवर चिनीमातीचा बल्ब होता, तो उजेड न देता नुसती ऊब द्यायचा. घरकामाला येणाऱ्या विमलबाईंना त्याचं भारी नवल.

"उजेडच न्हाई, तर याला बल्ब कावून म्हणायचं?"

"उजेडात त्याला झोप येत नाही, मावशी. आणि ऊब नसली तर तो जगत नाही."

डिसेंबरात तेजश्री परीक्षेसाठी नेकनूरहून दोन दिवस बीडला गेली. परतल्यावर कळलं, गावातली लाईट कालपासून गेलेली. ती धावतच पेटीपाशी गेली. बल्ब गार पडला होता, पण सरडा मान वर करून तिच्याकडे बघत होता. पेटीखाली हात घातला, तर गोणपाटात गुंडाळलेली गरम वीट लागली. मागच्या दारी विमलबाई चुलीत दुसरी वीट तापवत बसल्या होत्या.

"मावशी, हे तुम्हाला कुणी शिकवलं?"

"कुणी न्हाई, ताई. ऊसतोडीला जायचो तवा कोपीत ऱ्हायचो आमी. पाचटाचं छप्पर, आत जाळ करता येत न्हाई, अन् थंडी तर लई. माझी तिन्ही लेकरं असल्याच विटंला बिलगून वाढली."